फोटो धुवायला पाणी नव्हतं, म्हणून हा गडी ग्रँड कॅन्यनची दरी धावत उतरायचा आणि धावतच चढायचा

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या काठावर आज कुणीही पोहोचलं, की पहिलं काम एकच. खिशातून मोबाईल काढायचा. फोटो, सेल्फी, रील, स्टोरी. सगळं मिळून दोन मिनिटांचा मामला. रेंज असेल तर फोटो तिथूनच फॅमिली ग्रुपवर पण जातो.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच काठावर एक फोटो काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, तर एका माणसाला जवळपास १५ किलोमीटर पळावं लागायचं. तेही सपाट रस्त्यावर नाही. आधी ९०० मीटर खोल दरीत उतरायचं आणि मग तेवढंच पुन्हा वर चढायचं.

त्या माणसाचं नाव एमरी कोल्ब.

उंची कमी, अंगकाठी बारीक आणि स्वभाव महाहट्टी. या गड्याने आयुष्याची ७० हून जास्त वर्षं एकाच दरीच्या काठावर काढली. दरीचे हजारो फोटो काढले, तिच्यातून होडी नेली, सिनेमा बनवला. आणि ज्या दरीला त्याच्या फोटोंनी घराघरात पोहोचवलं, तिचं राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथल्या प्रशासनाला त्याचंच घर नकोसं झालं.

याच एमरी कोल्बची ही गोष्ट.

आधी ग्रँड कॅन्यन म्हणजे काय ते बघू

ग्रँड कॅन्यन आहे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात. कोलोरॅडो नदीने लाखो वर्षं खडक कापून तयार केलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आहे. खोली साधारण १.६ किलोमीटर. रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटरपर्यंत जाते.

तिथलं हवामान पण विचित्र आहे. जुलै महिन्यात दक्षिण काठावर २९ अंशांच्या आसपास तापमान असतं, तेव्हा खाली नदीपाशी पारा ४० च्या वर असतो. म्हणजे जितकं खाली जाल तितकं तापत जाल. आणि परत येताना दमलेल्या पायांनी चढ चढायचा. डोंगर चढताना माणूस थकला की मागे फिरतो. इथे थकवा कळतो तेव्हा माणूस आधीच खाली पोहोचलेला असतो. म्हणूनच एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायच्या फंदात पडू नका, असे बोर्ड आजही तिथे लावलेले आहेत.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी नदी खाली वाहतेय, मग काठावर पाण्याची बोंब कशी?

तर कारण आहे खडकात. काठावरचा चुनखडक भेगाळ आहे. पाऊस पडतो, बर्फ वितळतं, पण ते पाणी वर थांबत नाही. भेगांमधून झिरपत खाली खाली जातं. शेकडो मीटर खाली पाणी अडवणाऱ्या मातकट खडकाचा थर लागतो, तिथे ते अडतं आणि झरे होऊन बाहेर पडतं. म्हणजे काठ कोरडा आणि दरीच्या पोटात झरे.

एमरीच्या आयुष्याचं निम्मं गणित या एका गोष्टीवर ठरलं.

खाणीत काम करायला आला आणि फोटोग्राफर झाला

एमरीचा जन्म १५ फेब्रुवारी १८८१ चा, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा भाऊ एल्सवर्थ. एल्सवर्थच्या पायाला भिंगरी. तो घर सोडून पश्चिमेकडे निघाला आणि मिळेल ते काम करत १९०१ मध्ये ग्रँड कॅन्यनला पोहोचला.

टायमिंग भारी होतं. कारण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सांता फे कंपनीची रेल्वे दक्षिण काठापर्यंत आली होती. आधी घोडागाडीचे हाल सोसून यावं लागायचं, आता लोक आगगाडीने थेट दरीपाशी उतरू लागले. पर्यटक वाढणार हे दिसत होतं. एल्सवर्थ तिथल्या हॉटेलात कामाला लागला आणि त्याने धाकट्या भावाला बोलावून घेतलं.

१९०२ च्या शरद ऋतूत २१ वर्षांचा एमरी तिथे आला. ॲस्बेस्टॉसच्या खाणीत काम मिळणार असं ठरलं होतं. पण पोहोचला तर खाण बंद.

एमरीला फोटोग्राफीचा नाद होता. रेल्वेमार्गावर विल्यम्स नावाचं गाव आहे, तिथला एक छोटा फोटो स्टुडिओ विकायला निघाला होता. दोघा भावांनी तो घेतला आणि बिऱ्हाड उचलून थेट दरीच्या काठावर आणलं.

काठावर जागा मिळवणं सोपं नव्हतं. रेल्वे आणि तिच्यासोबत हॉटेलं चालवणारी फ्रेड हार्वी कंपनी यांचा तिथे दबदबा होता. पण दरीत उतरणारी ब्राइट एंजल ही मुख्य पायवाट होती राल्फ कॅमेरॉन या माणसाच्या ताब्यात. हा कॅमेरॉन पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला. तेव्हा मात्र तो या वाटेवर टोल घ्यायचा. त्याने कोल्ब बंधूंना वाटेच्या अगदी तोंडाशी तंबू ठोकू दिला. बदल्यात भाऊ टोल गोळा करायचे काम बघायचे.

तंबू झाला स्टुडिओ. आणि डार्करूम? शेजारीच खाणीसाठी खणलेलं एक जुनं बीळ होतं. उजेड आत येऊ नये म्हणून तोंडावर पांघरूण टाकलं, की झाली डार्करूम.

पाण्यासाठी धाव

धंदा साधा होता. पर्यटक सकाळी खेचरांवर बसून दरीत उतरायचे. वाटेच्या पहिल्याच वळणावर त्यांचा ग्रुप फोटो काढायचा आणि संध्याकाळी ते वर आले की छापलेला फोटो त्यांना विकायचा. दिवसभर खोगिरावर बसून अंग आंबलेल्या माणसाला आपण केलेल्या पराक्रमाचा पुरावा हवाच असतो. फोटो हातोहात खपायचे.

अडचण एकच. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा. प्लेट रसायनात बुडवायची, मग धुवायची, कागदावर छापायची, कागद पुन्हा धुवायचा. या सगळ्याला भरपूर आणि स्वच्छ पाणी लागतं. पाणी गढूळ असेल तर फोटोवर डाग पडतात. आणि काठावर पाणी नाही. रेल्वे टाक्या भरून पाणी आणायची, पण ते मोजून वापरायचं.

स्वच्छ पाण्याचा झरा होता दरीत सव्वासात किलोमीटर आत, सुमारे ९०० मीटर खाली. त्या जागेला तेव्हा इंडियन गार्डन म्हणायचे.

मग भावांनी तिथेच लाकडाची छोटी डार्करूम उभी केली. सकाळी फोटो काढायचा, प्लेट पाठीवर टाकायच्या आणि पळत सुटायचं. वाटेत खेचरांना मागे टाकायचं, खाली जाऊन प्लेट धुवायच्या, फोटो छापायचे आणि पर्यटक वर यायच्या आत धावत काठावर हजर व्हायचं. हे बहुतेक वेळा एमरीच करायचा. गर्दीच्या दिवसांत ही फेरी कधी कधी दोनदा व्हायची.

खेचरावरच्या माणसाला खाली जाताना एक पोरगा शेजारून पळत गेलेला दिसायचा आणि वर आल्यावर तोच पोरगा हातात फोटो घेऊन उभा असायचा. हा प्रकार वर्षानुवर्षं चालला.

या किस्स्याला आणखी एक बाजू आहे. ज्या झऱ्यावर एमरी प्लेट धुवायचा, ती जागा रिकामी नव्हती. हवासुपाई हे तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्या झऱ्यावर शेती करत आले होते. उद्यान झालं आणि त्यांना तिथून हुसकावण्यात आलं. तिथे राहणाऱ्या शेवटच्या हवासुपाई माणसाला १९२८ मध्ये जागा सोडावी लागली. पुढे जवळपास शतक गेल्यावर, २०२२ मध्ये, त्या जागेचं नाव बदलून हवासुपाई गार्डन्स करण्यात आलं.

कड्याला चिकटलेलं घर

१९०४ च्या सुमारास भावांनी तंबूच्या जागी कड्यावर लाकडी स्टुडिओ बांधायला घेतला. पुढे तो वाढत वाढत पाच मजल्यांचा झाला. पण वरून बघितलं तर मजले कळत नाहीत, कारण घर कड्याच्या अंगाने खाली उतरत गेलंय. त्यात एक छोटी खिडकी ठेवली होती. तिच्यातून खाली वळणावर थांबलेल्या खेचरांच्या रांगेचा फोटो घेता यायचा.

१९०५ मध्ये एमरीचं ब्लांश बेंडरशी लग्न झालं. १९०८ मध्ये मुलगी झाली, एडिथ. फोटोंवर नाव कोल्ब बंधूंचं असलं तरी दुकान, हिशेब आणि त्या अधांतरी घराचा संसार ब्लांशने सांभाळला. पाण्याच्या प्रत्येक बादलीचा हिशेब ठेवून तिथे लेकरू वाढवणं, हे काम दोरीला लटकण्याइतकंच अवघड होतं.

हो, दोरीला लटकणं पण होतंच. कोल्ब बंधूंचा एक फोटो आजही फिरतो. दोन कड्यांच्या फटीवर ओंडका टाकलाय, त्यावर एल्सवर्थ बसलाय आणि खाली दोरीला कॅमेऱ्यासकट एमरी लोंबकळतोय. हवा तो अँगल मिळवायला हे दोघे काय करतील याचा नेम नव्हता. आणि अशा फोटोंनी आपलीच जाहिरात होते, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर कंटेंट आणि मार्केटिंग, दोन्ही एकाच दोरीवर.

१०१ दिवस, २ होड्या आणि १ सिनेमा कॅमेरा

काठावरून फोटो काढून भावांचं समाधान होईना. त्यांना नदीतून जायचं होतं.

१८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताच्या माजी सैनिकाने पहिल्यांदा या नदीतून मोहीम नेली होती. त्यानंतर मोजक्याच लोकांनी ते धाडस केलं होतं. पण या प्रवासाचा सिनेमा कुणीच काढला नव्हता.

८ सप्टेंबर १९११ ला वायोमिंग राज्यातल्या ग्रीन रिव्हर गावातून दोघे निघाले. दोन लाकडी होड्या. एकीचं नाव डिफायन्स आणि दुसरीचं नाव लेकीच्या नावावरून एडिथ. सोबत हाताने हँडल फिरवायचा सिनेमा कॅमेरा. एक मदतनीस पण होता, पण सुरुवातीच्या खळाळातच त्याचा धीर सुटला आणि तो परतला.

दोघांनाही अशा नदीचा फारसा अनुभव नव्हता. होड्या उलटल्या, खडकांवर आपटल्या. भिजलेल्या फिल्म आणि प्लेट वाळवत बसायची वेळ आली. नोव्हेंबरमध्ये ते आपल्या घराखाली पोहोचले. ब्लांश तेव्हा आजारी होती. महिनाभर थांबून १९ डिसेंबरला ते पुन्हा निघाले, आता सोबत बर्ट लॉझन नावाचा गडी होता.

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी एका खळाळात डिफायन्स उलटली आणि एल्सवर्थ बर्फासारख्या पाण्यात पडला. एडिथ खडकावर आदळून फुटली. लॉझनने पाण्यात उडी टाकून एल्सवर्थला बाहेर काढलं. मग ख्रिसमस साजरा झाला तो होडीचं भोक बुजवत.

१८ जानेवारी १९१२ ला ते कॅलिफोर्नियातल्या नीडल्स गावी पोहोचले. सगळे मिळून १०१ दिवस लागले होते.

त्यानंतर एमरी तो सिनेमा घेऊन पूर्वेकडच्या शहरांमध्ये फिरला. १९१४ मध्ये एल्सवर्थचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॅशनल जिओग्राफिकने त्यांचा भलामोठा सचित्र लेख छापला. जे लोक कधीच ॲरिझोनाला जाणार नव्हते, त्यांनी पण आता दरी आतून बघितली होती.

१९१५ मध्ये स्टुडिओला जोडून हॉल बांधला आणि तिथे सिनेमा सुरू झाला. एमरी स्वतः उभा राहून गोष्ट सांगायचा, नंतर त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लागायचं. हा सिनेमा १९७६ पर्यंत, म्हणजे ६० हून जास्त वर्षं दाखवला जात होता. जगात सगळ्यात जास्त काळ चाललेला सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

नाणेफेक आणि भावांची वाटणी

दोन्ही भाऊ तापट होते. धंदा वाढला तशी भांडणं वाढली. शेवटी तिथे कुणी राहायचं याचा फैसला नाणं उडवून झाला, असं सांगितलं जातं. एल्सवर्थ हरला आणि १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसला निघून गेला. एमरी राहिला.

पण गरज पडली की भाऊ येत होता. त्यातला सगळ्यात चटका लावणारा प्रसंग १९२८ चा.

ग्लेन आणि बेसी हाइड हे नवपरिणित जोडपं स्वतः बनवलेल्या होडीतून दरी पार करायला निघालं होतं. बेसीने ही सफर पूर्ण केली असती, तर असं करणारी ती पहिली स्त्री म्हणून नोंदली गेली असती. नोव्हेंबरमध्ये ते चढून एमरीच्या स्टुडिओत आले. एमरीने त्यांचा फोटो काढला. त्यांच्याकडे लाईफ जॅकेट नाहीत हे कळल्यावर त्याने आपली देऊ केली. ग्लेनने नको म्हटलं.

ते पुन्हा खाली गेले आणि नंतर गायब झाले.

डिसेंबरमध्ये शोध सुरू झाला. एमरी, एल्सवर्थ आणि उद्यानाचा एक रेंजर नदीत उतरले. त्यांना होडी सापडली. सरळ तरंगत होती, सामान जागच्या जागी होतं. बेसीची डायरी होती, कॅमेरा होता. माणसं मात्र नव्हती. ती आजतागायत सापडलेली नाहीत.

पुढे एमरीच्या मृत्यूनंतर त्याच्या गॅरेजमध्ये एक सांगाडा सापडला, कवटीत गोळीसह. झालं, अफवांना पेव फुटलं. एमरीनेच ग्लेनला मारलं असं लोक बोलू लागले. पण तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा तो सांगाडा ग्लेनचा नसल्याचं समोर आलं. आजही ही अफवा व्हिडिओंमधून फिरते, तपासणीचा निकाल मात्र कुणी सांगत नाही.

दरी नेमकी कुणाची?

आता येतो मूळ वादाचा मुद्दा.

१९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रँड कॅन्यनला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. २६ फेब्रुवारी १९१९ ला ते राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे एमरी तिथे उद्यानाच्या १७ वर्षं आधीपासून होता.

फ्रेड हार्वी कंपनीशी त्याची टक्कर जुनीच होती. कंपनीने १९१४ मध्ये कोल्ब स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर लुकआउट स्टुडिओ उभा केला. वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी तो इतका बेमालूम बांधला, की लांबून कड्याचाच भाग वाटतो. उद्देश सरळ होता, कोल्बचं गिऱ्हाईक ओढायचं.

उद्यान झाल्यावर त्यात नॅशनल पार्क सर्व्हिसची भर पडली. तिचं म्हणणं पण चुकीचं म्हणता येणार नाही. नैसर्गिक दृश्य सगळ्यांचं आहे, मग कड्याच्या तोंडावर एका माणसाचं घर आणि दुकान कशाला? एमरीचं म्हणणं असं, की मी इथे आधी आलो, माझं आयुष्य इथे गेलं, आता मी कुठे जाऊ?

एमरीने वाकडी वाट पण दाखवली. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने दरीतल्या शिवा टेम्पल नावाच्या सुळक्यावर मोहीम काढली. तिथले प्राणी हजारो वर्षं जगापासून तुटलेले असतील, अशी पेपरांत हवा झाली. एमरीला मोहिमेत घेतलं नाही. मग ५६ वर्षांचा हा गडी त्यांच्याआधीच काही जणांसोबत गुपचूप वर जाऊन आला. म्युझियमचं पथक माणसाचा पाय न लागलेल्या माथ्यावर पोहोचलं, तर तिथे कोडॅक फिल्मचा रिकामा डबा पडलेला.

१९६० मध्ये ब्लांश आणि एल्सवर्थ दोघेही गेले. १९६२ मध्ये ८१ वर्षांच्या एमरीने घर ६५ हजार डॉलरला पार्क सर्व्हिसला विकलं. अट एकच, मरेपर्यंत मी इथेच राहणार. त्याच्यामागे ही इमारत पाडली जाण्याची दाट शक्यता होती.

पण एमरी जगत राहिला. मधल्या काळात, १९६६ मध्ये, अमेरिकेत जुन्या वास्तू जपण्याचा कायदा आला. ज्या घराला अडगळ समजलं जात होतं, तेच आता वारसा ठरलं. ११ डिसेंबर १९७६ ला, वयाच्या ९५ व्या वर्षी एमरी गेला. घर मात्र उभं राहिलं. एका अर्थाने त्याच्या लांबलेल्या आयुष्याने ते वाचवलं.

एमरी, ब्लांश आणि एल्सवर्थ तिघेही काठावरच्या छोट्या दफनभूमीत आहेत. कोल्ब बंधूंचे फोटो आणि कागदपत्रं फ्लॅगस्टाफच्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलीत. आणि कोल्ब स्टुडिओ? त्याची डागडुजी झाली असून तिथे आता प्रदर्शन आणि पुस्तकांचं दुकान आहे. ज्या घरामुळे दृश्य बिघडतं असं वाटत होतं, तेच बघायला आता पर्यटक थांबतात.

कधी तिकडे जाणं झालं, तर स्टुडिओतली ती छोटी खिडकी नक्की बघा. तिच्यातून ब्राइट एंजलची वाट आजही दिसते. फोटो काढा, लगेच पोस्ट पण करा. फक्त खाली उतरायचा विचार असेल तर पाणी भरपूर घ्या आणि परतीचा चढ मोजूनच पाऊल टाका. रोज धावत उतरून धावत चढणारा एमरी एकच होता.